गोल चौकाची गोष्ट

मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झालो हे घरी कळायला सहा महिने लागले. कारण मी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी काय? अठराव्या वर्षी लायसन्स काढलेलं, भर पावसात कसारा घाट उतरलेला, लग्नसराईत नाशिकच्या मेन रोडवरून बाबांची जुनी मारुती एकही ओरखडा न उठता बाहेर काढलेली. असा हा वीर इंग्लंडमध्ये जाऊन नापास! आणि कारण काय, तर परीक्षकाने जो रकाना भरला होता त्याचा मराठीत अर्थ होतो 'विनाकारण ताटकळणे'. सिग्नल तोडला नाही, कोणाला ठोकलं नाही, वेगमर्यादाही पाळली. थांबलो म्हणून नापास. आता बोला!

थांबलो होतो एका राउंडअबाउटच्या तोंडाशी. समोर गाड्या गोल फिरतायत, मला त्यांच्यात शिरायचंय, आणि 'ही गाडी जाऊ दे, मग जातो' असं करत करत मी तिथेच उभा. दोन गाड्यांमधली प्रत्येक फट मला लहान वाटत होती. मागे रांग लागली. कोणी हॉर्न वाजवेना, त्यामुळे तर मी आणखीनच घाबरलो. आपल्याकडे मागचा हॉर्न मारतो तेव्हा निदान 'आता निघावं' एवढं तरी कळतं.

हे घडलं स्विंडनमध्ये. कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं तिथे होतो. भारतीय लायसन्सवर तिथे बारा महिने गाडी चालवता येते, पुढे त्यांची परीक्षा द्यावी लागते. मी पहिलं वर्ष बसने काढलं आणि मग 'आपल्याला काय, गाडी तर येतेच' अशा थाटात थेट परीक्षेला जाऊन बसलो. बरं, राउंडअबाउटला बिचकणाऱ्याने स्विंडनला जाणं म्हणजे पावसाला कंटाळलेल्याने आंबोलीला बदली मागण्यासारखं आहे. कारण तिथे 'मॅजिक राउंडअबाउट' नावाचं एक प्रकरण आहे. पाच रस्ते एकत्र येतात, प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक छोटा गोल, आणि ह्या पाच गोलांच्या मधोमध सहावा. बाहेरच्या पाच गोलांभोवती गाड्या घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि मधल्याभोवती उलट्या. पहिल्यांदा नकाशात बघितलं तेव्हा मला वाटलं की छपाईत काहीतरी घोळ झालाय.

नापास झाल्यावर मी शिकवणी लावली. शिकवणारे गृहस्थ साठीतले, मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणायचो. पहिल्या तासाला दहा मिनिटं माझं ड्रायव्हिंग बघून मास्तर म्हणाले, "गाडी तुला चांगली येते. आधी कोण जाणार, एवढंच तुला कळत नाहीये."

मला तेव्हा ते लागलं. पण नंतर शनिवार-रविवार ह्या गोल चौकांचा इतिहास वाचत बसलो (नापास झालेल्या माणसाला वेळ भरपूर असतो), तेव्हा लक्षात आलं की ह्याच एका प्रश्नावर जग जवळजवळ साठ वर्षं अडकलं होतं. मी तर बारा मिनिटंही अडकलो नव्हतो :-)

*

गोल जागा तशा जुन्याच. पॅरिसला विजयकमानीभोवतीचं 'एत्वाल' घ्या, एकोणिसाव्या शतकातच तिथे बारा रस्ते येऊन मिळाले होते. आपल्या मुंबईचं हॉर्निमन सर्कल, म्हणजे मूळचं एल्फिन्स्टन सर्कल, तेही १८७० च्या आसपासचं. पण ह्या जागा शोभेच्या होत्या. चारी बाजूंनी देखण्या इमारती दिसाव्यात, मध्ये बाग किंवा स्मारक असावं, एवढाच हेतू. घोडागाडीवाल्याने कुठून कुठे जावं ह्याचा विचार कोणी केलेला नव्हता.

तो विचार करणारा एक नमुनेदार माणूस म्हणजे न्यूयॉर्कचा विल्यम फेल्प्स एनो. १८६७ साली, नऊ वर्षांचा असताना, तो आईबरोबर घोडागाडीतून चालला होता आणि गाड्यांच्या कोंडीत अडकला. मोठेपणी त्याने त्या प्रसंगाबद्दल लिहिलंय. गाड्या जेमतेम डझनभर होत्या, थोडी शिस्त असती तर सगळे सुटले असते, पण नेमकं काय करायचं ते ना ड्रायव्हरांना माहीत होतं, ना पोलिसांना. घरचा श्रीमंत होता, त्यामुळे आयुष्यभर हाच नाद पुरवू शकला. न्यूयॉर्क शहराने १९०३ साली वाहतुकीचे पहिले नियम आणले ते त्याच्या खटपटीतून, आणि १९०५ साली कोलंबस सर्कलला सगळ्यांनी एकाच दिशेने गोल फिरायचं हेही त्यानेच सुरू केलं असं मानतात. गंमत म्हणजे हे गृहस्थ स्वतः मोटार चालवायला कधीच शिकले नाहीत. (आमच्या क्षेत्रातही एक ओळ कोड न लिहिता आर्किटेक्चर सांगणारे असतात, पण एनोचं निदान चाललं तरी.)

साधारण त्याच सुमाराला पॅरिसमध्ये ऑजेन एनार नावाचा वास्तुविशारद हीच कल्पना मांडत होता, आणि १९०७ साली एत्वालला एकेरी गोल वाहतूक सुरू झाली. इंग्लंडमध्ये लेचवर्थ गावात १९०९ च्या आसपास एक गोल बांधला गेला. आज तिथे 'देशातला पहिला राउंडअबाउट' अशी पाटी आहे. पण सुरुवातीला त्या गोलाभोवती गाड्या कुठल्याही बाजूने जायच्या म्हणे. म्हणजे आकार होता, नियम नव्हता!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एनो काय किंवा एनार काय, दोघांनी 'कुठल्या दिशेने फिरायचं' हे ठरवून दिलं. पण आत फिरणारा आणि बाहेरून येणारा समोरासमोर आले तर कोणी थांबायचं? ह्याचं उत्तर रस्त्याच्या जुन्या सर्वसाधारण नियमावर सोडून दिलेलं होतं. आणि इथेच सगळी माशी शिंकली.

*

फ्रान्समध्ये जुना नियम असा की चौकात उजव्या हाताने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. साधा, सोपा, कोणालाही पाठ होईल असा नियम. आता तो गोलावर लावून बघा. फ्रान्समध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे गोलाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. मग जो आत फिरतोय त्याच्या उजव्या हाताला कोण येतं? बाहेरून आत शिरणारा! म्हणजे नियमाप्रमाणे आतल्याने थांबायचं आणि बाहेरच्याने बिनधास्त शिरायचं.

गाड्या कमी असतील तोवर हे खपून जातं. गर्दी वाढली की काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक तोंडातून नव्या गाड्या आत येतायत, त्यांना वाट देण्यासाठी आतल्या थांबतायत, त्या थांबल्या म्हणून त्यांच्या मागच्यांना आपल्या रस्त्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणजे बाहेर पडता येत नाही. आत येणं सोपं, बाहेर जाणं अशक्य. थोड्याच वेळात गोल भरतो आणि सगळे एकमेकांच्या पाठीमागे उभे. एत्वालला आजही उजवीकडून शिरणाऱ्याचाच मान पहिला आहे. तिथली गर्दी एकदा बघितलेला माणूस ती विसरत नाही.

हे वाचताना मला इंजिनिअरिंगचा ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर आठवला. डेडलॉक! १९७१ साली कॉफमन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी एका निबंधात डेडलॉक व्हायला लागणाऱ्या चार अटी लिहिल्या, त्या आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री घोकल्या होत्या. एक, वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. दोन, हातातली वस्तू न सोडता माणूस दुसरीसाठी थांबतो. तीन, त्याच्या हातून ती हिसकावून घेता येत नाही. चार, सगळे एकमेकांसाठी गोलाकार थांबलेले असतात. आता 'वस्तू'च्या जागी 'गाडीखालचा रस्त्याचा तुकडा' घाला. चौथ्या अटीसाठी तर वेगळी आकृतीसुद्धा नको, गोल समोरच आहे. सबमिशनच्या वेळी 'ह्याचा आयुष्यात उपयोग काय' असं आम्ही विचारायचो. तर हा घ्या उपयोग.

अमेरिकेत वेगळ्या वाटेने जाऊन गाडी तिथेच अडकली. तिथे १९२० च्या दशकापासून प्रचंड मोठाले गोल बांधले गेले. न्यू जर्सीमध्ये तर फार. तिथला पहिला १९२५ सालचा. एवढे मोठे, की गाड्यांनी वेगात शिरायचं, एकमेकींच्या मधून तिरपं सरकत आपली लेन पकडायची आणि वेगातच बाहेर पडायचं. पण आधी कोण? कुठे आतला, कुठे बाहेरचा, कुठे जो रस्ता मोठा तो. न्यू जर्सीच्या ड्रायव्हिंगच्या सरकारी पुस्तकातच कित्येक वर्षं ह्या गोलांसाठी ठरलेले असे नियम नाहीत, तिथल्या वहिवाटीप्रमाणे आणि सावधगिरीने जावं, अशा अर्थाचा मजकूर होता. एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाला हे मी सांगितलं तर तो म्हणाला, "मग ह्यात नवीन काय? आपल्याकडे सगळीकडे तेच की." :-)

गाड्या वाढल्या तशी तिथेही कोंडी वाढली, अपघात वाढले, आणि १९५० नंतर अमेरिकन इंजिनिअरांचं गोलावरून मनच उडालं. बरेच गोल पाडून तिथे सिग्नल बसवले. निष्कर्ष काढला गेला की हा आकारच वाईट. आकार वाईट नव्हता हो. प्रश्नाचं उत्तर दिलेलं नव्हतं.

*

उत्तर मिळालं इंग्लंडमध्ये, आणि ते रंगाच्या एका पट्ट्याएवढं होतं.

तिथेही १९६६ पर्यंत राउंडअबाउटवर आधी कोण ह्याचा पक्का नियम नव्हता. गाड्यांनी एकमेकींत मिसळायचं, तिरपं सरकायचं आणि बाहेर पडायचं. गर्दी वाढली की उपाय एकच, गोल मोठा करा, म्हणजे सरकायला लांबी मिळेल. वॉर्ड्रॉप नावाच्या संशोधकाने १९५७ साली ह्याचं सूत्रही दिलं होतं. सरकण्याची जागा किती रुंद, किती लांब, त्यावरून तासाला किती गाड्या जातील ते काढायचं. (हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

तिथल्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेत फ्रँक ब्लॅकमोर हा इंजिनिअर होता. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असलेला माणूस, प्रयोगशाळेत आला तो १९६० साली. त्याचं म्हणणं असं की गोलात शिरणाऱ्याने थांबायचं, आतल्याला जाऊ द्यायचं, एवढाच एक नियम सगळीकडे करा. प्रयोग करून झाले, आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये तो नियम देशभर लागू झाला. ब्रिटनमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. म्हणजे आतला फिरणारा नेहमी आपल्या उजव्या हाताने येतो, आणि नियम होतो 'उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या'. गंमत बघा, फ्रान्सचे आणि ब्रिटनचे शब्द तेच! तिकडे त्याने गोल अडकतो आणि इकडे सुटतो, कारण रस्त्याची बाजू उलट आहे.

आता कॉफमनची चौथी अट आठवा. बाहेरचा आतल्यासाठी थांबतो, पण आतला बाहेरच्यासाठी कधीच थांबत नाही. वर्तुळ तुटलं. पुढचा बाहेर पडण्याचा रस्ता मोकळा असेल तर गोल आपला आपण रिकामा होत राहतो.

पण ब्लॅकमोरला ह्यातून आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती फार आवडली. जर कोणी तिरपं सरकणारच नसेल, तर सरकायला लांबी हवी कशाला? मग एवढे मोठे गोल कशाला? त्याने मधला गोल लहान लहान करत नेला, तोंडाशी रस्ता थोडा रुंद केला, आणि त्याच जागेतून जास्त गाड्या जायला लागल्या. १९६९ साली पीटरबरो शहरात पहिला मिनी राउंडअबाउट आला. मग १९७२ साली त्याने स्विंडनमध्ये असे पाच एकत्र गुंफले. तेच ते आमचं मॅजिक प्रकरण. सुरुवातीला तिथे कायमच्या खुणासुद्धा केल्या नव्हत्या. गोल इकडेतिकडे हलवून बघायचे, आणि लोक गोंधळतायत का ते बघायला प्रत्येक छोट्या गोलापाशी एकेक पोलीस उभा. ह्याला म्हणतात पायलट! आम्ही शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करून घरी जातो.

आणि ते भयंकर दिसणारं प्रकरण आज पन्नास वर्षांनंतरही चालू आहे. मास्तरांनी मला तिसऱ्या तासाला तिथे नेलं. माझा घसा कोरडा पडला होता. मास्तर म्हणाले, "पाच गोल बघू नकोस. पुढची तुटक रेघ बघ, आणि उजवीकडे बघ. कोणी नसेल तर जा. पुढच्या रेघेला परत तेच." तसं केलं, आणि काय सांगू, दीड मिनिटात आम्ही पलीकडे. तोच एक प्रश्न तीनदा सोडवला, इतकंच.

परत येताना मास्तरांनी विचारलं, "तू समोरच्या ड्रायव्हरांच्या तोंडाकडे का बघतोस?"

मला हे माहीतच नव्हतं! पण खरं होतं ते. नाशिकला मी गाडी चालवतो ती नजरेने. रिक्षावाला माझ्याकडे बघतो, मी हाताने 'जा' म्हणतो किंवा पुढचं चाक थोडं घुसवतो, तो मान हलवतो आणि सौदा होतो. प्रत्येक चौकात दहा सौदे. तिथे कोणी माझ्याकडे बघतच नव्हतं. बघायची त्यांना गरज नव्हती, सौदा १९६६ सालीच झालेला होता. आणि मी त्या रेघेपाशी उभा राहून कोणीतरी मान हलवायची वाट बघत होतो. 'विनाकारण ताटकळणे' म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

*

तेव्हापासून मला असं वाटायला लागलंय की चौकाचा आकार विचित्र आहे म्हणून ड्रायव्हर गोंधळतात हे पूर्ण खरं नाही. चौक त्याला ऐन वेळी निर्णय घ्यायला लावतो, आणि त्याच्या अंगवळणी पडलेलं उत्तर दुसऱ्याच गावचं असतं, म्हणून तो गोंधळतो.

उदाहरणं देतो. अमेरिकेत मिसुरी राज्यात स्प्रिंगफील्डला २००९ साली एक इंटरचेंज सुरू झाला. त्यात पुलावरून जाताना गाड्या चक्क रस्त्याच्या उलट्या बाजूला जातात आणि पूल संपला की परत आपल्या बाजूला येतात. आधी अशी काही उदाहरणं फ्रान्समध्ये होती, पण अमेरिकेतला हा पहिला. कागदावर बघून कोणीही म्हणेल की इथे रोज मुडदे पडणार. तसं काही झालं नाही, आणि पुढे तिकडे असे कितीतरी इंटरचेंज बांधले गेले. कारण तिथे सिग्नल आहे, कडेला उंच कठडे आहेत, ड्रायव्हरला काही ठरवावंच लागत नाही. नळीतून पाणी जातं तसा तो जातो. नेदरलँड्समध्ये १९९६ च्या सुमारास फोर्टाइन ह्या इंजिनिअरने 'टर्बो राउंडअबाउट' काढला, त्यातही तीच युक्ती. लेनच्या मध्ये बारकासा उंचवटा, त्यामुळे आत शिरल्यावर लेन बदलायचा मोहच नको. जे ठरवायचं ते आधी, बाहेर.

आणि स्वीडनचं तर विचारूच नका. ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे अख्ख्या देशाने डावी बाजू सोडून उजवी धरली. मोठी आपत्ती येईल असं वाटावं, तर उलट पुढे काही काळ अपघात कमीच झाले! सगळे जपून होते, आणि मुख्य म्हणजे नियम सगळ्यांसाठी एकाच क्षणी बदलला होता. समोरच्याला काय माहीत आहे हे प्रत्येकाला माहीत होतं.

ह्या उत्तराची किंमत काय, तेही सांगतो. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना भिडतात अशा ३२ जागा असतात, एक-लेनच्या राउंडअबाउटमध्ये ८. शिवाय समोरासमोरची किंवा आडवी धडक जवळपास बादच होते, ठोकलं तरी तिरपं आणि कमी वेगात. अमेरिकेत २००० च्या सुमारास वीस-पंचवीस चौकांचा अभ्यास झाला. तिथे सिग्नल किंवा 'थांबा'च्या पाट्या काढून नव्या पद्धतीचे राउंडअबाउट केले होते. माणसं जखमी होणारे अपघात सुमारे तीन-चतुर्थांशांनी कमी झाले होते. फ्रान्सनेही १९८३-८४ मध्ये आतल्याला आधी हा नियम गोलांसाठी मान्य केला, आणि त्यानंतर तिथे हजारोंनी गोल झाले. इंडियाना राज्यातल्या कार्मेल गावच्या महापौराने, जिम ब्रेनर्डने, विद्यार्थी असताना इंग्लंडमध्ये हे गोल बघितले होते. त्याने आपल्या गावात दीडशेच्या आसपास करून दाखवले. म्हणजे अमेरिकेने ज्या आकाराला वाळीत टाकलं होतं, तो नियम बदलून परत घरात घेतला.

*

आता आपल्याकडे येऊ.

मला वाटलं होतं की आपल्याकडे नियमच नसेल. तर तसं नाही! १९८९ च्या रस्ते नियमावलीत स्वच्छ लिहिलं होतं की मुख्य रस्त्यावर शिरत असाल तर त्या रस्त्यावरच्यांना वाट द्या, आणि बाकी ठिकाणी चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणजे गोलासाठी अगदी बरोब्बर नियम. ब्लॅकमोरचाच. २०१७ साली ह्या नियमावलीच्या जागी नवी आली, पण १९८९ ते २०१७ एवढी वर्षं ते कागदावर होतं. मी लायसन्स काढलं तेव्हाही होतं. मला परीक्षेत काय विचारलं? स्कूटरवरून ८ काढून दाखव. पाय न टेकता काढला, पास. उजवीकडून आलेल्याचं काय करायचं, हे मला ना कोणी विचारलं, ना मी कोणाला.

मग कॉलेजातल्या सिव्हिलच्या मित्राने मला आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसचं गोल चौकांबद्दलचं पुस्तक दाखवलं, आयआरसी ६५, साल १९७६. त्यात गोलातून किती गाड्या जातील ते काढायचं सूत्र आहे. सरकण्याची जागा किती रुंद, किती लांब... ओळखीचं वाटतंय ना? वॉर्ड्रॉपचं सूत्र! १९५७ सालचं, 'गाड्या एकमेकींत मिसळतात' असं धरून केलेलं. ते ज्या देशात जन्मलं तिथे १९६६ सालीच नियम बदलला, मिसळणं संपलं, गोल लहान व्हायला लागले. आणि त्यानंतर दहा वर्षांनी आपण ते आपल्या पुस्तकात छापलं. बदललं कधी? २०१७ च्या सुधारित आवृत्तीत. एक्केचाळीस वर्षं.

मला हसू आलं नाही, कारण हे मी रोज हापिसात बघतो. कोणाच्या तरी जुन्या प्रोजेक्टातून फंक्शन उचलायचं, मूळवाल्यांनी ते कधीच काढून टाकलेलं असतं, आणि आपल्याकडे ते 'चालतंय ना, हात लावू नको' म्हणून जगत राहतं. फरक एवढाच की आमच्याकडे त्याने सर्व्हर पडतो.

म्हणजे कायदा म्हणतो उजवीकडच्याला वाट द्या, पुस्तक २०१७ पर्यंत म्हणत होतं मिसळा, आणि रस्ता म्हणतो ज्याचं नाक आधी घुसेल त्याचा मान. तीन उत्तरं. मग गोल भरतो, मग तिथे पोलीस येतो, मग त्याच गोलावर सिग्नल बसतो. आणि आपण म्हणतो की आपल्या लोकांना शिस्त नाही. आपले लोक शिस्तीत आणखी काय करणार होते, हे मला अजून कळलेलं नाही.

दुचाकींचा प्रश्न वेगळा आहे, हे मान्य. दोन गाड्यांमधल्या ज्या फटीत माझी मोटार मावत नाही त्यात तीन ॲक्टिव्हा मावतात, त्यामुळे 'फट मिळेपर्यंत थांबा' हा हिशोब आपल्याकडे तसाच्या तसा लागू होत नाही. पायी चालणाऱ्याला तर न थांबणारा गोल जास्तच जाचतो. पण ह्या अडचणी उत्तर एक झाल्यावर सोडवायच्या. आधी उत्तर तर एक हवं.

*

मी दुसऱ्या खेपेला पास झालो. परत आल्यावर पहिल्याच रविवारी बाबांना घेऊन निघालो, आणि नाशिकच्या एका सर्कलला, सवयीने, तोंडाशी थांबलो. उजवीकडून एक टेम्पो येत होता. झालं! मागून तीन हॉर्न, डावीकडून एक रिक्षा घासून पुढे, आणि मागच्या बाइकवाल्याचा बंपरला हलका धक्का.

"अरे झोपलास का?" बाबा म्हणाले.

मी त्यांना १९८९ ची नियमावली सांगितली. ब्लॅकमोर सांगितला. (तेव्हाच नापास झाल्याचंही तोंडातून निसटलं.) बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मलाही पटलं. पण ते मागच्याला सांगितलंयस का?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रोटोकॉल एकट्याने पाळून चालत नाही, दोन्ही टोकांना तोच लागतो, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. ब्रिटनमध्ये तो एका महिन्यात अख्ख्या देशाला लागू झाला, आणि पुढे स्विंडनला पाच गोलांपाशी पाच माणसं उभी केली. आपल्याकडे निदान एका शहरात, एका सर्कलला, महिनाभर कोणी असं करून बघितलं तर? पांढऱ्या रंगाचा एक डबा आणि चार पोलीस. सिग्नलपेक्षा नक्कीच स्वस्त पडेल.

असो. परवा त्याच सर्कलला मी आत फिरत होतो, बाबा शेजारी. डावीकडच्या तोंडाला एसटी आली. मी ब्रेकवर पाय ठेवलेलाच होता, कारण एसटीपुढे कसली नियमावली! पण ती थांबली. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली, 'जा' म्हणून. मी गेलो.

बाबांनी मागे वळून बघितलं आणि विचारलं, "ओळखीचा होता का रे?"